फ्लेक्स, आठ बाय चार

पहिल्या वर्षी कौसल्याताई आल्या.
मेयोत आया होत्या, हातांना फिनाईलचा वास,
वर्तमानपत्राच्या घडीत बापाचा एकुलता एक फोटो :
बकाराम नंदेश्वर, बर्फात उभे,
दोन्ही मुठी खाली, आवळलेल्या,
मुठींत स्ट्रेचरचे दांडे.
स्ट्रेचरवर कुणाचे तरी बूट.
मागचं टोक धरणारा फोटोबाहेर राहिलेला.

"कोरिया," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या पलटनीत होते.
असंच लिहा."
असंच लिहिलं.

दुसऱ्या वर्षी मंडळाची पोरं, खिशात पावतीबुकं.
"कोरिया-फोरिया कोणाले समजते बे?
चीनची लढाई टाक."
"चिनी होतेच ना तिथं," दुसरा म्हणाला,
आणि तेही खोटं नव्हतं.
मी बासष्ट टाकलं.

तिसऱ्या वर्षी बंदूक.
स्ट्रेचर पुसायला वीस मिनिटं लागली,
बुटांना जास्त.
बर्फावरची त्यांची सावली जाता जाईना.
मग उजवा हात कोपरातून जरा वर वळवला.
मुठी आधीच मिटलेल्या होत्या,
बंदूक बरोबर बसली.
सहाशे रुपये, रिंगांसकट.

आमचं शहरच असं.
गोळीबार चौकात गोळ्या कुणी कुणावर झाडल्या, विचारा,
पाच पानठेल्यांवर सहा उत्तरं मिळतील,
आणि एकजण म्हणेल, माझा आजा तिथंच उभा होता.

मला खरं माहीत होतं,
म्हणजे बुढ्यानं जेवढं सांगितलं तेवढं.
दहावीत नापास झालो त्या उन्हाळ्यात
त्यांच्या ओट्यावर आम्ही पाच पोरं पडलेले असायचो.
"तिथला एक शब्द येते मले," म्हणायचे. "मूल.
उचललेला माणूस वाटभर तेच म्हणे. मूल, मूल.
मले वाटे याचं लेकरू मागं राह्यलं.
मी वळून पाहो. बर्फ.
तीन कोस असेच चाललो.
बाटली माह्या कमरेलेच होती.
रात्री दुभाष्यानं सांगितलं,
मूल म्हंजे पाणी."

मग उठून माठात पेला बुडवायचे,
अर्धा प्यायचे, अर्धा कडुनिंबाच्या आळ्यात.
तो माणूस जगला का, मी दोनदा विचारलं.
पहिल्यांदा 'हो' म्हणाले.

बाकी चौघांच्या कानांनी तेवढंच उचललं,
मूल.
ते घरी गेलं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये गेलं,
तिथं त्याला आई मिळाली, जळतं गाव मिळालं.
पाचव्या वर्षी ऑर्डर आली :
कडेवर एक लेकरू पाहिजे, चपट्या नाकाचं.
मी माझ्या पुतणीचा फोटो कापला, नाक दाबलं.

कौसल्याताई पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.
वाटलं, आता म्हणतील.
"बाबा लेकराचं सांगायचे खरे," म्हणाल्या,
पदर डोळ्यांना.
मग, "मेडल जरा मोठं होईल का?"

मी काय बोलणार? पुरावा काय माझ्याकडे?
एक शब्द, तोही परक्यांचा.
आणि कोस तीनच होते का?
कधी मी चार सांगतो,
आणि बर्फ दरवेळी थोडा जास्त घालतो.

जुनी फाईल ठेवली आहे. स्ट्रेचर पुसलेलं नाही,
लेयर झाकलाय फक्त.
लाइट गेली की वाटतं, या वेळी मशीन सुरूच होणार नाही.

यंदा मे, सेहेचाळीस अंश.
बोर्डाखाली मंडळानं त्यांच्या नावानं पाणपोई लावली,
लाल कापडात गुंडाळलेले तीन रांजण.
वर बंदूक, कडेवर माझी पुतणी.
एक सायकलरिक्षावाला ओंजळ तोंडाशी धरून पीत होता,
पाणी कोपरांवरून डांबरावर, डांबरावरून नाहीसं.
मी बोर्डाकडे बोट केलं. "कोण हो हे?"
त्यानं वर पाहिलं, उन्हानं डोळे मिचकावले.
"वाचता नाही येत मले.
पाणी पाजणारे असतील कोणी."
आणि ओंजळ पुन्हा पुढं केली.